गटारातलं औषध

१९३० च्या आगेमागे आसामात दोन मुलखांवर एक प्रयोग चालू होता. एक मुलूख नवगावचा, ज्याला आज नगाव म्हणतात. दुसरा सिल्हेटकडच्या हबीगंजचा, जो आता बांगलादेशात आहे. पटकीने दोन्हीकडे माणसं मरायची. शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे मॉरिसन नावाचे लष्करी डॉक्टर या कामावर होते. त्यांनी नवगावात गावोगावच्या प्रमुखांकडे काचेच्या बंद कुप्या पोचवल्या. घरात कुणाला जुलाब-उलट्या लागल्या की कुपी फोडायची आणि आतलं पाणी पाजायचं, डॉक्टरची वाट बघत बसायचं नाही. हबीगंजात मुद्दामच कुप्या दिल्या नव्हत्या, कारण तुलना करायची होती.

नवगावात पटकीचे बळी घटले, हबीगंजात साथी येत राहिल्या. पण त्याचं श्रेय कुपीला द्यायचं का, यावर सरकारी डॉक्टरांचं एकमत होईना. दोन मुलखांचं पाणी वेगळं, वस्ती वेगळी, आणि साथ कुणाला न विचारता चढते नि उतरते. १९२७ साली सुरू झालेली ही सगळी चौकशी १९३६ पर्यंत रेंगाळली आणि ‘पुरावा पुरेसा नाही’ या शेऱ्यावर विझली. कुप्या हळूहळू बंद झाल्या.

त्या कुपीत विषाणू होते, आणि तेही हेतुपुरस्सर पाजलेले. कोरोनानंतरच्या वाचकाला हे ऐकून दचकायला होईल. पण हे विषाणू माणसाच्या पेशीला हातही लावत नाहीत. त्यांचं भक्ष्य एकच, जिवाणू. त्यांना बॅक्टेरिओफेज म्हणतात. या विषयात काम करणारे नुसतं ‘फेज’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ई. कोलाय या जिवाणूवरचा टी-फोर हा फेज पाहिला तर तो निसर्गाने घडवलाय यावर चटकन विश्वास बसत नाही. वर कोनदार डोकं, खाली सरळ शेपूट आणि शेपटाच्या तळाशी सहा लांब तंतू. उंची सुमारे दोनशे नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे पाच हजार मावतील. तंतूंनी तो जिवाणूचं अंग चाचपतो. हवी ती खूण सापडली की तिथेच रुतून बसतो, शेपूट आक्रसतं आणि डोक्यातला डीएनए जिवाणूच्या आत उतरतो. पुढची वीस-तीस मिनिटं जिवाणूची सगळी यंत्रणा फेजच्या प्रती काढण्यात जुंपलेली असते. मग आतून भिंत फुटते, शे-दोनशे नवे फेज बाहेर पडतात आणि शेजारच्या जिवाणूकडे वळतात. खूण सापडली नाही तर काहीच घडत नाही. ई. कोलायचा फेज क्लेब्सिएलाला ओळखत नाही. एवढंच काय, एका ई. कोलायला मारणारा फेज दुसऱ्या ई. कोलायजवळून मुकाट निघून जातो. या औषधाची सगळी ताकद आणि सगळं दुखणं याच चोखंदळपणात आहे.

लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टने १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहून ठेवलं होतं की आपल्या जिवाणूंच्या वसाहती काचेसारख्या पारदर्शक होऊन मरतात आणि हा रोग एकीकडून दुसरीकडे लावता येतो. मग महायुद्धाने त्याला ओढून नेलं. दोन वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फेलिक्स देरेल याला आमांशाने आजारी सैनिकांच्या विष्ठेत तेच दिसलं. ट्वॉर्ट सावध माणूस होता. देरेल तसा नव्हता. रीतसर पदवी नाही, सगळं शिक्षण स्वतःच्या हिमतीवर, आणि आपल्याला जे दिसलंय ते माणसाला बरं करणार याची पहिल्या दिवसापासून खात्री. रुग्ण बरा होऊ लागला की त्याच्या विष्ठेत हे अदृश्य जीव वाढतात, असं त्याच्या ध्यानात आलं होतं. १९१९ मध्ये पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात आमांशाने अत्यवस्थ झालेल्या बारा वर्षांच्या मुलाला फेज पाजण्याआधी देरेल आणि तिथले डॉक्टर स्वतः ते प्यायले. कुणाला काही झालं नाही. मुलगा सावरला.

पुढे अलेक्झांड्रियात असताना १९२५ साली त्याने प्लेगच्या चार रुग्णांच्या गाठीत फेज टोचला आणि चौघेही वाचले. ही बातमी ब्रिटिशांच्या कानी गेली. ज्या साम्राज्यात प्लेगने लाखो माणसं नेली होती, त्याला ती नजरेआड करणं परवडणारं नव्हतं. देरेलला बोलावणं गेलं ते मुंबईचं, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं. ज्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये वाल्डेमार हाफकिनची प्लेगची लस तयार होत असे, तिथेच आता प्लेगच्या जिवाणूला खाणाऱ्या विषाणूचा तपास सुरू झाला. देरेल तिथे फार काळ रमला नाही, तो पटकीच्या मागे गेला. हाफकिनमधलं काम मात्र चालू राहिलं. नायडू आणि अवारी यांचा प्लेगवरच्या फेज-उपचाराचा निबंध १९३२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापून आला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत त्याच संस्थेत साहिबसिंग सोखे आणि दीक्षित सल्फाथायझोल घेऊन प्लेगवर काम करताना दिसतात. एकाच इमारतीत एका औषधाचा युगान्त आणि दुसऱ्याची सुरुवात झाली. परळमधून जाताना तिच्या फाटकाकडे आपण सहसा बघतही नाही.

देरेलचं पटकीचं काम कलकत्त्याच्या कॅम्बेल हॉस्पिटलात आणि पंजाबच्या खेड्यांत चाललं. रुग्णांना फेज पाजला, काही गावांच्या विहिरींतही ओतला. त्याने दिलेले आकडे चकित करणारे होते. औषध न घेतलेल्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त दगावले, घेतलेल्यांत दहातला एकही नाही. पण औषध कुणाला आणि कुणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. ज्याने ते घेतलं तो कदाचित आधीपासूनच धडधाकट असेल, किंवा वेळेवर दवाखान्यात पोचलेला असेल. आज एम.डी.चा विद्यार्थीसुद्धा हा दोष बोट ठेवून दाखवील. त्या काळी ती पद्धतच रुळलेली नव्हती. देरेलवर माझा राग आहे तो वेगळ्याच कारणासाठी. त्याला शंका नावाची गोष्टच माहीत नव्हती. त्याच्या मागे आलेल्या फेजवाल्यांनी त्या खात्रीची किंमत पुढे अर्धं शतक मोजली.

इथे गंगेचा विषय येणारच, तेव्हा तो उरकून टाकतो. १८९६ मध्ये आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक अर्नेस्ट हॅन्किन यांनी फ्रेंच नियतकालिकात लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात आणि उकळलेल्या पाण्यात हा गुण राहत नाही. मार्क ट्वेनने आपल्या प्रवासवर्णनात याचा मोठ्या कौतुकाने उल्लेख केला. तेव्हापासून फेजवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ‘फेजचा पहिला शोध गंगेत’ हे वाक्य असतं, आणि आपल्याकडे ते अधिकच आवडीने सांगितलं जातं. पण हॅन्किनचा मूळ निबंध नीट वाचणाऱ्यांनी दाखवून दिलंय की बंद नळीत तापवलेल्या पाण्यात तो गुण टिकून होता. फेज त्या तापमानात टिकला नसता. हॅन्किनला स्वतःला उडून जाणाऱ्या एखाद्या रसायनाचा संशय होता. गंगेत फेज आहेत यात शंका नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गंगेच्या पाण्याचे नमुने तपासले तेव्हा त्यांची नोंद केली आहे. पण फेज तिथेच भरपूर असतो जिथे त्याचं भक्ष्य भरपूर असतं. नदीत फेज मुबलक असणं हे तिच्यात मैला मुबलक असल्याचंही प्रमाणपत्र आहे.

यावर ढाक्याच्या शाह फारूक यांच्या गटाचं काम फार मोलाचं आहे. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की पटकीची साथ भरात आली की पाण्यात त्या जंतूंचे फेज वाढत जातात, आणि फेज वाढले की साथ ओसरते. देरेलला जे रुग्णाच्या पोटात दिसलं होतं, तेच इथे शहराच्या पाण्यात दिसत होतं. आणि या कथेतली खरी मेख तर पुढेच आहे. पटकीच्या जंतूला माणसाचं आतडं पिळून काढण्याची शक्ती देणारं विष १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी शोधलं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्डर आणि मेकॅलनॉस यांनी सिद्ध केलं की त्या विषाची जनुकं जंतूची स्वतःची नाहीत. ती त्याला एका फेजकडून मिळाली आहेत. म्हणजे पटकी जीवघेणी होते ती फेजमुळे, आणि ओसरते तीही फेजमुळे, फक्त दोन्ही फेज वेगळे. काही फेज जिवाणूला लगेच मारत नाहीत. ते त्याच्याच डीएनएमध्ये मुक्काम ठोकतात आणि कधीकधी त्याला नको ते शिकवून ठेवतात. औषधासाठी हे मुक्कामी फेज बाद. त्या काळच्या डॉक्टरांना ही निवड करायला साधनच नव्हतं. आता फेजचा संपूर्ण जनुकक्रम वाचून, त्यात विषाची किंवा मुक्कामाची जनुकं नाहीत ना हे तपासता येतं.

पेनिसिलिन आलं आणि पश्चिमेकडचे फेज अडगळीत गेले. एकच औषध, दहा रोगांवर चालणारं, कपाटात महिनोन्‌महिने टिकणारं. त्यापुढे जंतू ओळखून त्याचा नेमका फेज शोधत बसणार कोण? प्रयोगशाळेत मात्र फेजने राज्य केलं. आनुवंशिकता डीएनएमध्ये असते हे पक्कं करणारा हर्शी-चेसचा १९५२ चा प्रयोग फेजवरच झाला. आज जिच्याविषयी पानंच्या पानं छापून येतात ती क्रिस्पर यंत्रणाही मुळात जिवाणूंनी फेजपासून जीव वाचवायला उभी केलेली आहे. २००७ मध्ये तिचं हे काम उघडकीला आणण्यात दह्याचं विरजण बनवणाऱ्या डॅनिस्को कंपनीच्या शास्त्रज्ञांचा वाटा मोठा होता, कारण फेज लागला की त्यांचं विरजण फसायचं.

फेज औषध म्हणून टिकले ते जॉर्जियात. तिबिलिसीच्या गिओर्गी एलियावाने १९२३ मध्ये संस्था काढली होती. पॅरिसमध्ये तो देरेलजवळ शिकला होता. १९३० च्या दशकात देरेल स्वतः तिथे जाऊन राहिला आणि त्याने एक पुस्तक स्टालिनला अर्पण केलं. १९३७ मध्ये एलियावाला ‘जनतेचा शत्रू’ ठरवून गोळ्या घातल्या. देरेल परत तिकडे फिरकला नाही. संस्था मात्र चालत राहिली, सोव्हिएत सैन्याला फेज पुरवत राहिली, आणि आजही तिबिलिसीच्या औषध दुकानांत जखमेसाठी पायोफेज आणि पोटासाठी इंटेस्टिफेज मिळतो.

ही सगळी जुनी कागदपत्रं पुन्हा उघडायची वेळ का आली, हे वेगळं सांगायला नको. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० मध्येच कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकालाही न जुमानणाऱ्या जंतूंविषयी लिहून ठेवलं होतं. त्यांच्या लेखाबरोबर छापलेल्या संपादकीयाचं शीर्षकच प्रतिजैविकांच्या मृत्युलेखाचं होतं. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात ‘ताप आहे, दोन-तीन गोळ्या द्या’ म्हटलं की अजूनही अॅझिथ्रोमायसिनची अर्धी पट्टी कात्रीने कापून हातात येते. आयसीयूतल्या कोलिस्टिन या अखेरच्या प्रतिजैविकाची गोष्ट या अर्ध्या पट्टीपासून सुरू होते.

पश्चिमेला जाग आणणारी केस कॅलिफोर्नियातली. सॅन दिएगोच्या विद्यापीठातले प्राध्यापक टॉम पॅटरसन २०१५ च्या अखेरीस इजिप्तच्या सहलीत आजारी पडले. पोटात अॅसिनेटोबॅक्टर बाउमानी या जंतूचं गळू निघालं आणि त्यावर एकही अँटिबायोटिक चालेना. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी साथरोगतज्ज्ञ होत्या. नवरा कोमात असताना त्यांनी जुने शोधनिबंध उपसले आणि अनोळखी फेज-संशोधकांना पत्रं लिहायला सुरुवात केली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आणि अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेने त्या जंतूला मारणारे फेज शोधून दिले. त्यांतले बरेच सांडपाण्यातले. २०१६ च्या मार्चमध्ये ते आधी पोटातल्या नळ्यांतून आणि मग शिरेतून दिले गेले. काही दिवसांत पॅटरसन शुद्धीवर आले. जंतूनेही दरम्यान हात-पाय हलवले. पहिल्या फेजना तो दाद देईनासा झाला, तेव्हा नवे फेज शोधून जोडावे लागले.

मला त्याहून भुरळ घालते ती वांग्याची गोष्ट. पिट्सबर्गचे ग्रॅहम हॅटफुल कित्येक वर्षं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आपापल्या परिसरातल्या मातीतून फेज शोधायला लावतात. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला एका विद्यार्थिनीने कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूची घाण खरवडली आणि त्यातून निघालेल्या फेजचं नाव ‘मडी’ ठेवलं. तो शीतकपाटात पडून राहिला. सात वर्षांनी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातून विचारणा आली. सिस्टिक फायब्रोसिसमुळे दोन्ही फुप्फुसं बदललेली एक किशोरवयीन मुलगी, आणि अंगभर पसरलेला मायकोबॅक्टेरियम अॅबसेसस. क्षयाच्या जंतूचा हा चुलतभाऊ बहुतेक औषधांना भीक घालत नाही. हॅटफुल यांच्या हजारो फेजांच्या संग्रहात तिच्या जंतूला मारणारे मोजके निघाले. त्यातल्या दोघांची मुक्कामाची खोड जनुक कापून घालवावी लागली. ‘मडी’ होता तसाच चालला. तिचा संसर्ग मोठ्या प्रमाणात आटोक्यात आला, जखमा भरल्या. पुढे याच गटाने अशा वीस रुग्णांवरचे उपचार एकत्र छापले, त्यात अकरा जणांना गुण आला. बाकी नऊ जणांविषयी त्यांनी तितक्याच स्वच्छपणे लिहिलं, हे मला जास्त आवडलं.

असा फेज हाती कसा लागतो हे पाहिलं तर त्यात गूढ काहीच नाही. पुण्यात मुठेला मिळणारा कुठलाही नाला चालेल. प्लास्टिकच्या नळीत पन्नास मिलिलिटर पाणी. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की गाळ तळाला बसतो. वरचं पिवळसर पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून दाबून काढायचं. जिवाणू गाळणीत अडकतात, फेज आरपार जातात. त्या पाण्यात रुग्णाच्या पूतून वाढवलेला जंतू आणि त्याचं खाद्य घालून रात्रभर हलवत ठेवायचं, म्हणजे त्या जंतूवर जगणारा फेज असला तर त्याचीच संख्या वाढते. पुन्हा गाळायचं. मग दहापट, शंभरपट, हजारपट असं पातळ करत जायचं. प्रत्येक पातळीतला एकेक थेंब कोमट, जेमतेम न गोठलेल्या अगरमध्ये त्याच जंतूसोबत मिसळायचा आणि पेट्रीडिशमध्ये ओतून ती हाताने हळूच गोल फिरवायची. अगर थंड होऊ लागला की गुठळ्या होतात आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून इथे हात चपळ लागतो. सदतीस अंशांवर एक रात्र. सकाळी डिश उजेडासमोर धरली की दुधी धुक्यासारख्या थरात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं दिसतात. एका भोकात एकाच फेजची लाखो पोरं असतात. पिपेटच्या टोकाने एक भोक उचलायचं आणि सगळं पुन्हा करायचं. मग पुन्हा. तीनदा केल्यावर तो फेज एकटा पडलाय असं म्हणता येतं. खर्च किरकोळ. कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला झेपेल असा.

इथपासून रुग्णाच्या शिरेपर्यंतचं अंतर मात्र प्रचंड आहे. जिवाणू फुटतात तेव्हा त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन मोकळं होतं. ते वेगळं न काढता टोचलं तर रुग्णाला थंडी-ताप भरेल, रक्तदाब कोसळेल. फेज किती दिवस जिवंत राहतो हे प्रत्येकाचं वेगळं. आणि हे सगळं सिद्ध करायचं म्हटलं की नवगाव-हबीगंजचा प्रश्न पुन्हा दारात उभा.

‘फागोबर्न’ची चाचणी या बाबतीत वाचण्यासारखी आहे. युरोपीय संघाच्या पैशाने २०१३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प फ्रान्स, बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या भाजलेल्या रुग्णांवर होता. स्यूडोमोनासने पछाडलेल्या जखमांवर बारा फेजांचं मिश्रण विरुद्ध नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम. नियमांत बसेल असं मिश्रण बनवण्यातच दीड वर्षाहून अधिक काळ आणि बराच पैसा गेला. ई. कोलायचा भाग सोडून द्यावा लागला, कारण त्या जंतूचे रुग्ण पुरेसे मिळाले नाहीत. शेवटी सत्तावीस रुग्णांवर थांबावं लागलं. निकाल असा की मलमाने जंतूंचं प्रमाण घटायला साधारण सत्तेचाळीस तास लागले, फेजने एकशे चव्वेचाळीस. फेज हरला. मग कुप्या तपासल्या. मिलिलिटरमध्ये दहा लाख फेज हवे होते, तिथे मिश्रण करून ठेवल्यानंतर दहा ते शंभर उरले होते. शिवाय बऱ्याच रुग्णांचे जंतू या बारापैकी एकालाही फारसे घाबरत नव्हते. औषध चाललं नाही असं कागदावर लिहिलं गेलं, पण औषध जखमेपर्यंत पोचलंच नव्हतं.

ढाक्याला झालेल्या आणि २०१६ मध्ये छापलेल्या चाचणीत जुलाबाच्या मुलांना ई. कोलायवरचा फेज पाजला, अपाय झाला नाही, फायदाही झाला नाही. बऱ्याच मुलांच्या जुलाबामागे ई. कोलाय नव्हताच. २०२१ मध्ये तिबिलिसीतच मूत्राशयाच्या संसर्गावर फेज, प्रतिजैविक आणि नुसतं द्रावण अशी तिहेरी चाचणी झाली. फेज साध्या द्रावणापेक्षा वरचढ ठरला नाही. जॉर्जियातल्या शंभर वर्षांच्या आत्मविश्वासाला हा चांगलाच चिमटा होता. माझ्या मते या सगळ्यातली चूक एकाच ठिकाणी आहे. प्रत्येक रुग्णाला एकच तयार मिश्रण द्यायचं ही अँटिबायोटिकची पद्धत. फेज त्या पद्धतीत कधी बसलाच नाही, आणि त्याचे पुरस्कर्ते नियामकांचं समाधान करायला त्याला त्यात कोंबत राहिले.

बेल्जियमने वाट वेगळी काढली. आपल्या आजोबांच्या पिढीला कंपाउंडरचं मिक्श्चर आठवत असेल. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, कंपाउंडर तिथल्या तिथे औषध घोटायचा आणि बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवायचा. कारखान्याचा शिक्का नाही, पण डॉक्टर आणि कंपाउंडर दोघेही जबाबदार. बेल्जियमच्या कायद्यात ही सोय अजून जिवंत आहे आणि तिथे फेज त्याच दाराने आत घेतला. फेज प्रयोगशाळेत वाढतो, सरकारी मान्यता असलेली दुसरी प्रयोगशाळा त्याची शुद्धता तपासते, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर रुग्णालयातला औषधनिर्माता त्या एका रुग्णासाठी औषध तयार करतो. ब्रसेल्सच्या क्वीन अॅस्ट्रिड लष्करी रुग्णालयातून समन्वय साधलेल्या सलग शंभर उपचारांचा हिशेब २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ७७ टक्क्यांहून अधिक उपचारांत तब्येत सुधारली, ६१ टक्क्यांत जंतूचा नायनाट झाला. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणजे इथे हबीगंज नव्हतंच. पण त्याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघाली. सोबत प्रतिजैविक दिलं नसेल तर जंतू मरण्याची शक्यता बरीच घटत होती.

फेज आणि अँटिबायोटिक एकमेकांचे प्रतिस्पर्धी, हे चित्र इथे गळून पडतं. येल विद्यापीठाच्या पॉल टर्नर आणि बेंजामिन चॅन यांनी कनेक्टिकटच्या एका तळ्यातून काढलेला फेज स्यूडोमोनासच्या ज्या भागाला चिकटतो, तो आहे जंतूचा पंप, अँटिबायोटिक बाहेर फेकून देणारा. फेजपासून वाचायचं तर जंतूला पंपात बदल करावा लागतो, आणि पंप बिघडला की जुनी औषधं पुन्हा लागू पडतात. जंतू कसाही वळला तरी काहीतरी गमावतो. हृदयाजवळच्या कृत्रिम धमनीत वर्षानुवर्षं संसर्ग मुरलेल्या एका वृद्ध रुग्णावर त्यांनी हा फेज अँटिबायोटिकसह वापरला आणि तो संसर्ग गेला.

आपल्याकडे काम चाललंय, पण विखुरलेलं. बनारस हिंदू विद्यापीठात गोपाल नाथ यांचा गट बऱ्या न होणाऱ्या जखमांवर फेज लावतो. सहा आठवड्यांहून जुन्या जखमांच्या वीस रुग्णांवरचे त्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत. मधुमेहींचे पाय कापावे लागणाऱ्या या देशात त्यांच्याकडे आणखी लक्ष जायला हवं. बंगळुरूच्या गंगाजेन कंपनीने अख्ख्या फेजऐवजी जिवाणूची भिंत फोडणारं प्रथिन औषध म्हणून पुढे आणलं. प्रथिन कारखान्यात बनतं, त्याचं पेटंट मिळतं, नियमांत बसतं. धंद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच. पण माणसाला देण्यासाठी मान्यता मिळालेलं फेजचं औषध भारतात बाजारात नाही. ज्यांना परवडतं ते तिबिलिसीला जातात.

आपल्या औषध नियमांना बदलत्या जीवांची सवय नाही असं म्हणणंही खरं नाही. फ्लूची लस दरवर्षी त्या वर्षीच्या विषाणूप्रमाणे बदलते आणि दरवेळी तिची पहिल्यापासून मोठी चाचणी कुणी मागत नाही. कारखान्याची पद्धत एकदा मान्य होते, आतला विषाणू बदलत राहतो. फेजच्या बाबतीत हेच करायचं ठरवलं तर मान्यता एकेका फेजला न देता फेज शोधण्याच्या, शुद्ध करण्याच्या आणि मोजण्याच्या पद्धतीला द्यावी लागेल. दिल्लीतल्या औषध नियंत्रकांनी तसा निर्णय घेतला, तर पुढच्या गोष्टी साध्या आणि कंटाळवाण्या आहेत. ससून, केईएम, नागपूरचं मेडिकल अशा मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत रोज शेकडो पूचे आणि रक्ताचे नमुने येतात. जंतू ओळखून, कुठलं अँटिबायोटिक चालत नाही ते लिहून, उरलेला नमुना ऑटोक्लेव्हमध्ये जातो. तो फेकण्याआधी त्यातला एक ठिपका उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा, त्यावर फेजांचा संग्रह एकेक करून तपासायचा आणि नोंद ठेवायची. हे काम करणारा माणूस कायमस्वरूपी नोकरीवर लागतो, सहा महिन्यांच्या प्रकल्पावर नाही. वीज गेली की फ्रीझरला जनरेटर लागतो. आणि बाजूच्या नाल्यावर दर पावसाळ्यात बाटली घेऊन जाणारं कुणीतरी लागतं, कारण जंतू बदलले की फेजही नवे शोधावे लागणार.